‘मस्ट’ की ‘प्रॉबॅबली’? इंग्रजी वाक्यात खात्री आणि शंका कुठे ठेवायची

घाटमाथा | बुधवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

मी चाकणला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमची ॲल्युमिनियमची कास्टिंग जर्मनीला जातात. शिक्षण मराठी माध्यमातलं, एबीसीडी पाचवीत गिरवली. आता दिवसाला तीस-चाळीस मेल इंग्रजीत जातात, म्हणजे हात बसलेला आहे. तरी परवा एका वाक्यावर असा अडकलो की अजून सुटका नाही.

कस्टमरची तक्रार आली. बारा पार्टना फ्लँजच्या, म्हणजे जोडणीच्या कडेच्या, कोपऱ्यात क्रॅक. एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल, मागितला. पहिलं उत्तर चोवीस तासांत द्यायचं होतं, मी रात्री बसून लिहिलं:

‘द क्रॅक मस्ट हॅव प्रॉबॅबली ऑकर्ड ड्युरिंग ट्रान्सपोर्ट.’

सकाळी तिकडच्या इंजिनिअरच्या मेलमध्ये या वाक्याला उत्तर, तीन शब्दांचं: ‘मस्ट ऑर प्रॉबॅबली?’

खरं सांगतो, लागलं मनाला. पण विचार केला तर माणसाचं काय चुकलं? माझ्या डोक्यात वाक्य होतं, ‘क्रॅक बहुतेक वाहतुकीत आला असणार.’ त्यात मला आजही काही वावगं दिसत नाही. तेच शब्द एकेक करून इंग्रजीत ठेवले तर समोरच्याला त्यात दोन वेगळी विधानं दिसली.

त्याच मेलमध्ये खाली त्याने आणखी एक ओळ लिहिली होती: ‘यू मस्ट नॉट सॉर्ट द ओल्ड स्टॉक.’ जुना माल सॉर्ट करू नका, म्हणजे एकेक पार्ट तपासून खराब वेगळे काढू नका. आम्ही त्याच संध्याकाळी सॉर्टिंग थांबवलं, पोरांना घरी पाठवलं. ते असो.

माझा प्रश्न असा. शाळेच्या व्याकरणात कॅन-मे-मस्टचा धडा एकीकडे, क्रियाविशेषणांचा दुसरीकडे. ही दोन एका वाक्यात भेटली की काय होतं हे मला कुणी शिकवलं नाही. माझा अंदाज: मराठीत क्रियापद एकच, ‘आला असेल’. खात्री किती ते कदाचित, बहुतेक, नक्की यांवरून कळतं. इंग्रजीत ती खात्री क्रियापदातच भरलेली असते, म्हणून वर आणखी शब्द ठेवला की दुप्पट होतं. बरोबर आहे का?

पाटी-पेन्सिल | बुधवार, रात्री १०:३५

धागा वाचून राहवलं नाही. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे.

तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. मराठीत क्रियापद एकच नाही हो, तीन आहेत. संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि दारात वडिलांच्या चपला दिसल्या. काय म्हणाल? ‘बाबा आले असणार.’ चपला नाहीत, पण ओसरीवरचा दिवा लागलाय: ‘बाबा आले असावेत.’ काहीच दिसत नाही, नुसती वेळ झालीय: ‘बाबा आले असतील.’ असणार, असावेत, असतील. पुरावा जसजसा पातळ होतो तसं क्रियापद बदलतं, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

आता त्यात शब्द घालून बघा. ‘कदाचित आले असतील’ छान. ‘नक्की आले असणार’ छान. ‘कदाचित आले असणार’ म्हणून बघा. अडखळलात ना? म्हणजे क्रियापद आणि क्रियाविशेषण एका वजनाची लागतात हे तुमच्या कानाला आधीपासून माहीत आहे. इंग्रजीचा नियम तोच आहे. ‘माइट पॉसिबली’ चालतं, ‘मस्ट शुअरली’ चालतं, ‘मस्ट पॉसिबली’ चालत नाही.

घोटाळा एका शब्दात आहे, आणि तो शब्द ‘बहुतेक’. तो आपल्याकडे तिन्हींबरोबर नांदतो. बहुतेक आले असतील, बहुतेक आले असावेत, बहुतेक आले असणार, सगळं खपतं. ‘मस्ट’ मात्र ‘असणार’पेक्षा कडक आहे. ‘मस्ट हॅव’ म्हणजे, समोर जे दिसतंय त्यावरून दुसरा निष्कर्षच निघत नाही. असं म्हटल्यावर ‘प्रॉबॅबली’ कुठे ठेवाल? ‘ऑलमोस्ट सर्टनली’ ठेवता येईल, पण तेव्हा ‘मस्ट’ काढून टाकलेलं बरं.

आणि तुमच्या वाक्याला मोडलची, म्हणजे कॅन-मे-मस्टसारख्या सहायक क्रियापदाची, गरजच नव्हती. ‘द क्रॅक प्रॉबॅबली ऑकर्ड ड्युरिंग ट्रान्सपोर्ट.’ संपलं. साधा भूतकाळ, शंका एकट्या ‘प्रॉबॅबली’च्या डोक्यावर. मराठीत असं करता येत नाही, म्हणून सुचत नाही. ‘क्रॅक बहुतेक वाहतुकीत आला’ हे आपल्याला अर्धवट वाटतं, ‘असावा’ म्हटल्याशिवाय वाक्य मिटत नाही. इंग्रजीत मिटतं.

अनुस्वार | बुधवार, रात्री ११:२०

बाईंनी चपलांचं उदाहरण फार सुंदर दिलं. भाषाशास्त्र शिकतोय, म्हणून थोडी भर.

जॉन लायन्स या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये या जोड्यांना ‘मॉडली हार्मोनिक’ म्हटलं आहे, म्हणजे सुरात सूर मिळवणाऱ्या. महत्त्वाचं हे की अशा जोडीत अर्थाचा गुणाकार होत नाही. ‘ही मे पॉसिबली कम’ म्हणजे शक्यतेची शक्यता नाही, एकच शक्यता दोन जागी उमटलेली. मराठीत ‘कदाचित येईलही’ म्हणताना ‘कदाचित’ आणि ‘ही’ दोन्ही तेच सांगतात, तसं.

सूर जुळला नाही की वाचणारा दोनपैकी एक करतो. एक तर थांबून विचारतो, जसं तुमच्या इंजिनिअरने केलं. नाही तर मोडलचा दुसराच अर्थ लावतो. ‘यू मे वेल बी राइट’ यात ‘मे’ शक्यतेचं: तुमचं बरोबर असण्याची चांगलीच शक्यता आहे. ‘यू मे सर्टनली लीव्ह’ यात तोच ‘मे’ परवानगीचा झाला: तुम्ही खुशाल जा. मुख्य क्रियापद वेगळं आहे, पण ‘मे’चा अर्थ पक्का केला तो क्रियाविशेषणाने. ‘ही मस्ट ऑलवेज कॅरी द की’ म्हटलं की नियम सांगितला, त्याने किल्ली जवळ बाळगलीच पाहिजे. ‘ही मस्ट शुअरली हॅव द की’ म्हटलं की तर्क केला, किल्ली त्याच्याकडेच असणार. मला वाटतं क्रियाविशेषणाचं खरं काम हे आहे. मोडल बिचारं दोन-दोन अर्थ वागवत असतं, त्यातला कुठला घ्यायचा हे शेजारचा शब्द ठरवतो.

शिवाय इंग्रजीत दोन मोडल एकापुढे एक ठेवता येत नाहीत. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट, या नवांतलं एका क्रियापदाला एकच. ‘विल कॅन’ नाही, ‘विल बी एबल टू’ म्हणावं लागतं. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेत लोक ‘माइट कुड’ म्हणतात, पण ती बोली झाली. प्रमाण इंग्रजीत दुसरी छटा हवी असेल तर ती क्रियाविशेषणालाच आणावी लागते.

तुळशीकट्टा | गुरुवार, सकाळी ७:१५

मुलगी बारावीला आहे, तिच्याबरोबर मीही पुन्हा शिकते आहे. प्रश्न जागेबद्दल. तिच्या बाईंनी सांगितलं, क्रियाविशेषण मोडलच्या नंतर. ‘शी विल प्रॉबॅबली कम.’ ठीक. मग तिने लिहिलं ‘शी वोन्ट प्रॉबॅबली कम’ आणि बाईंनी खोडून ‘शी प्रॉबॅबली वोन्ट कम’ केलं. का, ते सांगायला वर्गात वेळ नव्हता. नियम आहे की नुसती सवय?

दुभाषी | गुरुवार, दुपारी ४:४०

तुळशीकट्टाताई, नियम आहे, आणि तो आपल्याला का जड जातो याचंही कारण आहे.

मराठीत नकार शेवटी येतो. ‘ती बहुतेक येणार नाही.’ बहुतेक, नक्की, कदाचित कुठेही ठेवा, ‘नाही’ सहसा त्यांच्या मागेच राहणार. कोण कुणाच्या आधी याचा विचार करायची वेळच येत नाही. इंग्रजीत नकार वाक्याच्या मधोमध, मोडलला चिकटून बसतो. त्यामुळे क्रियाविशेषण त्याच्या अलीकडे ठेवायचं की पलीकडे हे दर वेळी ठरवावं लागतं, आणि तिथे अर्थ फिरतो.

अलीकडे असलेला शब्द पलीकडच्या सगळ्याला कवेत घेतो, असं धरून चाला. ‘प्रॉबॅबली वोन्ट’: न येणं हेच बहुतेक होणार. ‘वोन्ट प्रॉबॅबली’ म्हटलं तर नकार ‘बहुतेक’लाच लागू होतो, आणि ‘बहुतेक नाही असं’ हा काही अर्थच होत नाही, म्हणून इंग्रजी कानाला ते खुपतं. ‘विल प्रॉबॅबली नॉट’ चालतं, कारण तिथे ‘नॉट’ सुटा होऊन मागे गेला. ते जरा औपचारिक वाटतं, इतकंच.

‘डेफिनिटली’ला मात्र दोन्ही जागा चालतात आणि अर्थ दोन होतात. ‘इट इज डेफिनिटली नॉट ब्रोकन’, मोडलेलं नाहीच. ‘इट इज नॉट डेफिनिटली ब्रोकन’, मोडलंय असं नक्की म्हणता येत नाही. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’, मला अजिबात आवडत नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’, तसं फारसं नाही आवडत. पाहुणचाराच्या घरी यांतलं कुठलं बोललात यावर बरंच अवलंबून असतं.

मी लंडनमध्ये दवाखान्यांत मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते. नावगाव सोडून एक प्रसंग सांगते. एका आजींना छातीत दुखत होतं म्हणून आणलं होतं. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाल्या, ‘यू शुड प्रॉबॅबली स्टे इन टुनाइट.’ आजींच्या मुलाला इंग्रजी येत होतं. तो मला म्हणाला, ‘बहुतेक राहावं लागेल म्हणतायत, म्हणजे अजून ठरलेलं नाही. मग घरी नेतो, आईला इथे झोप लागणार नाही.’ कोट चढवायलासुद्धा घेतला होता त्याने.

त्याने शब्द बरोबर ऐकले होते. पण त्या ‘प्रॉबॅबली’त शंका नव्हती. इथले लोक सल्ल्याची धार बोथट करायला तो वापरतात. ‘शुड’ एकटं आलं तर हुकूम केल्यासारखं वाटतं, म्हणून शेजारी मऊ शब्द. मी परस्पर अर्थ लावला नाही, तो माझा अधिकार नाही. डॉक्टरांना विचारलं, घरी नेलं तर चालेल असं तुम्ही म्हणता आहात का? त्या म्हणाल्या, ‘नो, शी रिअली मस्ट स्टे.’ पाच मिनिटांत ‘शुड प्रॉबॅबली’चं ‘रिअली मस्ट’ झालं, आणि आजारात तर काहीच बदल झालेला नव्हता. मग मी आजींना मराठीत सांगितलं, ‘आज रात्री इथेच राहायचं आहे, घरी जायचं नाही असं डॉक्टर सांगतायत.’ मुलाने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

म्हणून मला हा विषय परीक्षेपुरता वाटत नाही.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री ८:०५

उत्तम चर्चा चालू आहे. एक शंका. आमचे साहेब मोडल आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घालू देत नाहीत. मी ‘कुड ईझिली हॅव बीन अव्हॉइडेड’ लिहिलं की लाल पेन घेऊन ‘ईझिली’ उचलून वाक्याच्या टोकाला नेतात. म्हणतात, क्रियापद तोडू नये. हे खरं आहे का? मलाही ते जास्त शुद्ध वाटायला लागलंय.

पाटी-पेन्सिल | गुरुवार, रात्री ९:१०

नाही हो, आणि हे मी जोर देऊन सांगते. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यात काही येऊ नये असा एक समज इंग्रजांतच होता, तो पसरत पसरत मोडलपर्यंत आला. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामधली जागा ही क्रियाविशेषणाची हक्काची जागा आहे. फाउलर यांनी १९२६ साली आपल्या शब्दप्रयोगाच्या कोशात या भीतीचा समाचार घेतला होता. शंभर वर्षं होत आली, लाल पेन अजून चालूच आहे.

बरं, जागा बदलली की अर्थही सरकतो. ‘द सील कुड ईझिली हॅव बीन डॅमेज्ड’, सीलला इजा झाली असण्याची सहज शक्यता आहे. ‘ईझिली’ इथे शक्यतेचं विशेषण. ‘द सील मस्ट हॅव बीन बॅडली फिटेड’, इथे ‘बॅडली’ बसवण्याच्या पद्धतीबद्दल बोलतो, म्हणून तो ‘फिटेड’ला खेटून. मी मुलांना सांगायचे: मताबद्दलचा शब्द पहिल्या सहायक क्रियापदानंतर, कामाच्या रीतीचा शब्द कामाच्या क्रियापदाशेजारी. ‘इट विल प्रॉबॅबली हॅव बीन केअरफुली पॅक्ड.’ दोन शब्द, दोघांची घरं वेगळी. ‘केअरफुली’ आणि ‘प्रॉबॅबली’ यांची अदलाबदल करून बघा, वाक्य उभंच राहत नाही.

तुळशीकट्टा, मुलीला एक अपवाद सांगून ठेवा. उत्तर तुटक असेल तर शब्द पुढे जातो. ‘विल शी कम?’ ‘शी प्रॉबॅबली विल.’ इथे ‘शी विल प्रॉबॅबली’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री ९:२५

धन्यवाद बाई. उद्या साहेबांशी बोलतो, वाक्य तसंच ठेवून.

कळसूत्री | गुरुवार, रात्री १०:५०

आपल्या ‘च’बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी भाषांतराचं काम करते आणि माझे निम्मे तास या एका अक्षरावर जातात.

‘मी येणारच’, ‘तुला यावंच लागेल’, ‘हे शक्यच नाही’, ‘तूच यायला पाहिजेस’. मराठीत ‘च’ जिथे लावू तिथे जोर. इंग्रजीत असा कुठेही चिकटणारा तुकडा नाही, म्हणून आपण ‘ओन्ली’ घेतो, ‘आय विल कम ओन्ली’, आणि परदेशी माणूस गोंधळतो. ‘फक्त येईन’ म्हणजे काय? खरं तर प्रत्येक ‘च’ला वेगळी जोडी लागते. ‘मी येणारच’ला ‘आय विल डेफिनिटली कम’, किंवा बोलताना नुसता ‘विल’वर दाब. ‘यावंच लागेल’ला ‘यू रिअली मस्ट कम’. ‘शक्यच नाही’ला ‘इट कान्ट पॉसिबली बी’. हे शेवटचं मला फार आवडतं. ‘पॉसिबली’ ‘कुड’बरोबर आला की विनंती इतकी नरम होते, ‘कुड यू पॉसिबली वेट’, आणि तोच ‘कान्ट’मागे आला की दार बंद.

काही जोड्या तर गोठूनच गेल्या आहेत, त्यांचे तुकडे पाडू नयेत. ‘माइट ॲज वेल’: बस चुकलीच आहे, तर चालत गेलेलं काय वाईट. ‘वुड रादर’: त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. ‘कॅन हार्डली’: जेमतेम ऐकू येतंय. ‘हार्डली’त नकार आधीच आहे, म्हणून ‘कान्ट हार्डली’ लिहू नये. आणि ‘वुड ऑफन’! ‘आजोबा पहाटे नदीवर जात’, ‘जायचे’, यासाठी ‘ही वुड ऑफन गो’. यात अट नाही, शंका नाही, नुसती आठवण आहे. आपल्याकडचं ‘जाई, येई, बसे’ हे जुनं क्रियापद ज्या सुरात येतं तोच सूर.

नेकारकाठ | शुक्रवार, पहाटे २:३०

स्टुटगार्टहून लिहितोय, इथे अजून गुरुवारची रात्र आहे. घाटमाथा, मला तुमची पहिली पोस्ट वाचल्यापासून दुसरीच ओळ टोचते आहे. ‘यू मस्ट नॉट सॉर्ट द ओल्ड स्टॉक.’ तुम्ही ‘ते असो’ म्हणून सोडून दिलीत.

जर्मनमध्ये ‘मुस’ म्हणजे मस्ट. पण ‘मुस निश्ट’ म्हणजे मस्ट नॉट नव्हे. ‘मुस निश्ट’ म्हणजे ‘गरज नाही’. मनाई करायची तर ते ‘डार्फ निश्ट’ म्हणतात. इथले लोक इंग्रजी लिहिताना या जागी हमखास घसरतात. मी सोळा वर्षं यांच्याबरोबर काम करतोय, ‘यू मस्ट नॉट कम टुमारो’ असं प्रेमाने सांगणारे कितीतरी भेटले. त्यांना म्हणायचं असतं, उद्या नाही आलात तरी चालेल.

म्हणजे तुमच्या इंजिनिअरने तुम्हाला मनाई केली नसावी. ‘तुम्हाला सॉर्ट करायलाच पाहिजे असं नाही, तुम्ही ठरवा’ असं त्याला म्हणायचं असेल. उद्या फोन करा. मेल नको, फोन.

पाटी-पेन्सिल | शुक्रवार, सकाळी ६:४०

नेकारकाठ, हे फार बरं झालं सांगितलंत. आणि मराठीतही ही फट आहेच की. ‘तू यायला नको’ म्हणजे येऊ नकोस, की यायची गरज नाही? सुरावरून ठरतं. इंग्रजीने त्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवलेत. ‘मस्टन्ट’ म्हणजे करायचंच नाही. ‘नीडन्ट’ किंवा ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे करायची गरज नाही. ‘केलंच पाहिजे असं नाही’ला ‘यू डोन्ट नेसेसरिली हॅव टू’. तिथे ‘मस्ट नॉट नेसेसरिली’ लिहिलं की सगळा गुंता.

घाटमाथा, फोन कराच.

घाटमाथा | शुक्रवार, रात्री ८:३०

केला फोन. दुपारी साडेबाराला, त्यांची सकाळ सुरू झाल्या झाल्या.

नेकारकाठ, तुमचं शब्दशः खरं निघालं. तो म्हणाला, मी तुम्हाला थांबवलं नव्हतं, जुना माल अजून तुमच्याकडेच आहे तर घाई करू नका एवढंच म्हणायचं होतं. मी त्याला समजावलं की त्याच्या वाक्याचा इंग्रजीत काय अर्थ होतो. फोनवर दोन क्षण काहीच बोलला नाही. मग म्हणाला, हे वाक्य मी कितीतरी सप्लायरना लिहिलं आहे.

मला त्याच्यावर राग धरवला नाही. मी माझं मराठी इंग्रजीत ठेवलं होतं आणि त्याने त्याचं जर्मन.

दुपारीच पोरांना बोलावून सॉर्टिंग पुन्हा सुरू केलं. डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक भेग दाखवणारा रंगीत द्रव, लावून बघतोय. चारशे चाळीस पार्ट झाले, त्यात तीन सापडले. त्याच कोपऱ्यात, केसाएवढी रेघ. हे पार्ट चाकणच्या बाहेर गेलेलेच नाहीत. म्हणजे वाहतुकीत आला असणार, बहुतेक काय आणि नक्की काय, दोन्ही चूक होतं. माझ्या पहिल्या मेलमधला इंग्रजीचा दोष तर होताच, पण मी पुरावा न बघता ‘असणार’ म्हटलं होतं हा त्याहून मोठा.

एक गोष्ट ध्यानात आली ती सांगतो. आमच्या ऑडिटमध्ये आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं २०१५चं मानक असतं. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय: ‘शॅल’ म्हणजे आवश्यकता, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. चार शब्द, चार अर्थ, आणि कुठेही ‘शॅल प्रॉबॅबली’ नाही. ते वर्षानुवर्षं पाठ आहे मला. पण स्वतः लिहायला बसलो की तो काटेकोरपणा कुठे जायचा, देव जाणे. आज सॉर्टिंगच्या टेबलाशी उभा असताना पहिल्यांदा वाटलं की ते फक्त ऑडिटसाठी लिहिलेलं नाही.

आता सुधारित एट-डी लिहायचा आहे. मदत करा. ‘द क्रॅक मे वेल हॅव स्टार्टेड ॲट अवर प्लँट’ असं लिहू का?

पाटी-पेन्सिल | शुक्रवार, रात्री ९:००

वाक्य शुद्ध आहे. पण तीन पार्ट तुमच्या हातात आहेत, तुमचं दार ओलांडलेलं नाही. मग ‘मे वेल’ कशाला? तुम्ही आता चपला पाहिल्या आहेत.

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ९:१५

बाईंशी सहमत. फक्त एक प्रश्न. त्या तीनवरून तिकडच्या बाराबद्दलही ‘मस्ट’ म्हणता येईल का? ते वेगळे पार्ट आहेत. तिथे आणखी काही दिसतंय का?

घाटमाथा | शनिवार, दुपारी १:२०

दिसलं. तिकडून दोन पार्ट कुरिअरने परवाच आले होते, आज कापून भेग उघडली. आतली बाजू दोन रंगांची आहे. मुळाशी साधारण दोन मिलिमीटर काळपट, त्यापुढे पांढरी चकचकीत. आमच्या फाउंड्रीतले जुने मिस्त्री बघताक्षणी म्हणाले, हॉट टिअर. काळपट भाग म्हणजे धातू गरम असतानाच फाटला, हवा लागून काळा पडला. चकचकीत भाग नंतरचा, थंड असताना वाढलेला. तो गाडीत वाढला, जहाजात वाढला की तिकडे बोल्ट आवळताना, ते या तुकड्यावरून नक्की सांगता येत नाही.

म्हणून आता अशी दोन वाक्यं लिहिली आहेत:

‘द क्रॅक मस्ट हॅव स्टार्टेड ड्युरिंग कास्टिंग, बिकॉज द इनर सर्फेस इज ऑक्सिडाइज्ड.’

‘इट प्रॉबॅबली ग्रू ड्युरिंग ट्रान्सपोर्ट.’

बाई, बघता का एकदा?

पाटी-पेन्सिल | शनिवार, दुपारी २:०५

पहिल्याला फोटो जोडलात तर ‘मस्ट’ ठेवा. दुसरं आहे तसं जाऊ द्या.

घाटमाथा | शनिवार, दुपारी २:१०

फोटो जोडला. पाठवला मेल.